इम्युनिटी दबणं वेगळं आणि टॉलरन्स येणं वेगळं

प्रेग्नन्सीत बाईची इम्युनिटी डाऊन होते म्हणून शरीर बाळाला बाहेर टाकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. पटकन पटतंही, कारण बाळाची अर्धी जीन्स वडिलांची म्हणजे आईच्या शरीरासाठी परकीच, आणि मग शरीर त्याला सांभाळतं कसं हा प्रश्न शास्त्रज्ञ पीटर मेडावरनी १९५३ मध्येच मांडलेला. पण उत्तर ते नाहीये.

इम्युनिटी दाबणं म्हणजे काय, तर किडनी ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमससारखी औषधं देतात ते. नवी किडनी टिकते पण इन्फेक्शनचा धोकाही वाढतो, कारण औषध सरसकट सगळंच मंद करतं, कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही हे त्याला कळत नाही.

टॉलरन्समध्ये, म्हणजे परक्याला खपवून घेण्यात, लढायची ताकद शाबूत राहते, फक्त ठराविक प्रोटीन्सवर हल्ला करायचा नाही हे पेशी शिकतात. हे काम मुख्यतः टी-रेग पेशींचं, म्हणजे इम्युनिटीला आवर घालणाऱ्या पेशींचं, ज्यांच्यावरच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. गरोदरपणात घेतलेल्या लसीने अँटीबॉडीज बनतात आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतात, इम्युनिटी खरंच बंद पडली असती तर हे झालं असतं का? हां, फ्लूसारखे काही आजार या काळात जास्त त्रास देतात हे खरंय, म्हणजे बदल होतात, पण बदल होणं म्हणजे बंद पडणं नाही.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही शिकवणी गर्भ राहायच्या आधीच सुरू होते, वीर्याच्या संपर्कातून. वीर्यात शुक्राणू अगदी थोडे, बाकी बहुतेक सगळा द्रव, आणि त्या द्रवात टीजीएफ-बीटा आणि प्रोस्टाग्लँडिन हे पेशींना सिग्नल देणारे पदार्थ भरपूर असतात. संबंधानंतर काही तासांत गर्भाशयमुखाच्या पेशी सिग्नल सोडतात आणि तिथे मॅक्रोफेज, डेंड्रिटिक पेशी अशा इम्युनिटीच्या पेशी गोळा होतात, म्हणजे आधी चक्क सूज येते, इम्युनिटी जागी होते, दबत नाही! कंडोम वापरला तर हे दिसत नाही. मग या पेशी वडिलांची प्रोटीन्स लिम्फ नोडमध्ये, म्हणजे इम्युनिटीच्या गाठींमध्ये, नेऊन इतर पेशींना दाखवतात आणि सोबत टीजीएफ-बीटा असल्यामुळे तिथे हल्लेखोर पेशींऐवजी टी-रेग वाढतात. यातलं पुष्कळ काम ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या संशोधक सारा रॉबर्टसन यांच्या टीमचं आहे, आणि बराचसा तपशील उंदरांवरचा आहे हेही लक्षात ठेवा. नर उंदराची हा द्रव बनवणारी सेमिनल व्हेसिकल काढली की मादीत टी-रेग नीट वाढत नाहीत, शुक्राणू असले तरी.

टॉलरन्स त्या-त्या जोडीदाराच्या प्रोटीन्सपुरता असतो म्हणूनच प्रीएक्लॅम्प्सियाचं, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या त्या गंभीर आजाराचं, चित्र थोडं समजतं. पहिल्या खेपेला तो जास्त दिसतो, एकत्र राहून थोडेच दिवस झाले असतील किंवा डोनर स्पर्म वापरला असेल तरी धोका जास्त आढळलाय. नुसती इम्युनिटी दबत असती तर वडील कोण याने काय फरक पडला असता?

पण म्हणून कंडोम वापरत होतात म्हणून बीपी वाढलं असं कुणी कुठल्या बाईला ऐकवू नका प्लीज, प्रीएक्लॅम्प्सियाची कारणं अनेक आहेत आणि हा फक्त एक धागा आहे. इन्फेक्शनची शंका असेल तर कंडोम हवाच. आयव्हीएफमध्ये ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, आसपास वीर्याचा संपर्क आला तर गर्भ राहण्याचं प्रमाण थोडं सुधारतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्याने जिवंत बाळ जन्मण्याचं प्रमाण वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, तेव्हा ते आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा.