काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी हँडगनची गोळी कशी निवडावी

ऑक्टोबर लागला की पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या बंदुकांच्या दुकानात, काउंटरवर एकच प्रश्न दिवसातून चार वेळा येतो: ‘अस्वलासाठी .४४ पुरेल ना?’ विचारणाऱ्यांत हल्ली मराठी मंडळीही असतात. कुणी लीहाय व्हॅलीत नोकरीला आहे, कुणी फिलाडेल्फियाजवळ राहतं, कुणी न्यू जर्सीहून पोकोनोच्या डोंगरात येतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार उरली नाही, त्यामुळे घरात ज्याच्याकडून शिकावं असं कुणी नसतं. म्हणून काउंटरवर जे तोंडी सांगतो ते इथे मराठीत लिहून ठेवलं आहे.

.४४ मॅग्नम, म्हणजे .४४ बोअरचं (नळीचा आतला व्यास, इंचात) जास्त ताकदीचं काडतूस, पुरतं. पण खोक्यावर .४४ मॅग्नम लिहिलेलं प्रत्येक काडतूस अस्वलासाठी चालत नाही, आणि नेमका हाच भाग गिऱ्हाइकाला पटवायला आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

अस्वल हरणासारखं नाही

नोव्हेंबरातलं काळं अस्वल म्हणजे हिवाळी झोपेच्या तयारीत महिनोन् महिने खाऊन चरबी साठवलेला प्राणी. वर दाट केस, त्याखाली जाड कातडं, त्याखाली चरबीचा थर, मग स्नायू आणि बरगड्या. हरणाला गोळी लागली की रक्ताचा माग सहसा सापडतो. अस्वलाच्या बाबतीत चरबी सरकून भोक बुजतं, आणि जे थोडं रक्त बाहेर येतं ते केसांतच जिरतं. अशा वेळी रोडोडेंड्रॉनच्या झुडपात संध्याकाळी साडेचारला, अंधार पडत असताना, जखमी अस्वल शोधत फिरण्याची पाळी येते.

म्हणून आम्हाला दोन भोकं हवी असतात. एक आत जाणारं, एक बाहेर पडणारं. पलीकडचं भोक बहुतेकदा खालच्या अंगाला पडतं आणि माग तिथूनच सुरू होतो. गोळी निवडताना पहिला प्रश्न हाच: ही आरपार जाईल का?

आमच्या एका गिऱ्हाइकाने .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेन वजनाची हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची गोळी वापरली. घरात स्वसंरक्षणासाठी घेतलेलं खोकं होतं, तेच खिशात टाकून तो जंगलात गेला. नेम चांगला होता, अंतर जेमतेम वीस यार्ड. गोळी आत शिरताच उमलली, म्हणजे टोक पसरून रुंद झाली, आणि एका फुप्फुसात अडकली. बाहेर रक्ताचा थेंब नाही. अस्वल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं, पाऊण मैलावर. दाट केसांखाली अंगाची ऊब रात्रभर टिकली होती, मांस पार वाया गेलं. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. ती गोळी तिच्या कामात चांगलीच आहे. पटकन उमलून थांबावं, पलीकडच्या माणसाला लागू नये, यासाठीच ती बनवलेली असते. अस्वलाला नेमकं उलट हवं.

वजन आणि तोंड

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या लोकांना हे माप परकं वाटतं, पण सोनाराकडचा जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. .३५७ मध्ये १८० ग्रेनची गोळी मिळते: पुरा एक तोळा. .४४ ची नेहमीची २४० ग्रेनची गोळी सव्वा तोळ्याहून थोडी जास्त, आणि ३०० ग्रेनची म्हणजे एक तोळा आठ मासे. एकाच बोअरमध्ये वजन वाढलं की गोळी लांब होते, आणि लांब, जड गोळी मांस-हाडातून सरळ पुढे जात राहते.

तितकंच महत्त्वाचं तिचं तोंड. आमच्याकडे येऊन दोन गोळ्या तळहातावर घेऊन पाहा. गोल टोकाची गोळी बोटाने चाचपली तर गुळगुळीत लागते. ती मांस बाजूला सारत घुसते आणि मागे अरुंद वाट सोडते. चपट्या तोंडाची गोळी पुढून जवळजवळ पैशासारखी सपाट असते. ती रुंद भोक पाडत जाते, आणि वाटेत भरकटण्याचा संभवही कमी.

अस्वलासाठी आम्ही तीनच प्रकार ठेवतो. पहिला हार्ड कास्ट: शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ओतलेली, चपट्या तोंडाची कडक गोळी. ही उमलत नाही, जाते मात्र खोल. खांद्याचं हाड मध्ये आलं तरी आमचा हिच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. दुसरा सॉफ्ट पॉइंट: तांब्याचं आवरण आणि टोकाशी उघडं शिसं. ही सावकाश उमलते. .४४ मध्ये २४० ग्रेन किंवा त्याहून जड असेल, तर बाजूने मिळालेल्या नेमाला उत्तम. तिसरा प्रकार अख्ख्या तांब्याच्या, उमलणाऱ्या गोळीचा. महाग आहे, पण तिचे तुकडे होत नाहीत. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई ते मांस खाणार असेल तर हीच घ्या, कारण मऊ शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात.

पूर्ण धातूचं आवरण असलेली, न उमलणारी सरावाची गोळी पेनसिल्व्हेनियात अस्वलासाठी बेकायदा आहे. इथे गोळी संपूर्ण शिशाची असावी लागते किंवा आदळल्यावर उमलेल अशी बनवलेली. सरावाचं खोकं आणि शिकारीचं खोकं गाडीतसुद्धा वेगळ्या पिशवीत ठेवा.

कोणतं बोअर

.३५७ मॅग्नम १९३५ पासून आहे. काळ्या अस्वलासाठी आम्ही ही खालची मर्यादा मानतो. १८० ग्रेनची हार्ड कास्ट, पंचवीस यार्डांच्या आत, अस्वल आडवं उभं असेल तरच.

.४४ मॅग्नम १९५० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आलं आणि आजही बहुतेकांना आम्ही तेच देतो. २४० ग्रेनची गोळी सेकंदाला १३५० फुटांनी निघाली तर तिची ऊर्जा सुमारे ९७० फूट-पाउंड भरते. ३०० ग्रेनची १२०० फुटांनी निघाली तर सुमारे ९६०. आकडे जवळपास सारखे, पण आत शिरण्यात जड गोळी पुढे. ऊर्जेचा आकडा बघून खोकं उचलू नका असं आम्ही म्हणतो ते यासाठी. शिवाय खोक्यावरचा वेग अनेकदा तुमच्यापेक्षा लांब नळीतून मोजलेला असतो. चार इंची नळीतून तो कमीच मिळेल.

.४५ कोल्ट १८७३ चं आहे, आणि इथे फार जपून. या बोअरमध्ये काही काडतुसं जास्त दाबाची भरलेली असतात, ती फक्त आधुनिक, भक्कम चौकटीच्या रिव्हॉल्व्हरसाठी. जुन्या सिंगल अॅक्शन पद्धतीच्या (दर बाराआधी अंगठ्याने खटका मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरच्या नकलेत ती घातली तर सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं चक्र, फुटू शकतो. काडतूस आत बसतं म्हणजे ते चालतं असं नाही. रिव्हॉल्व्हर दाखवल्याशिवाय ही खोकी आम्ही विकत नाही, कृपया रागावू नका.

.४५४ कसूल आणि .५०० स्मिथ अँड वेसन काळ्या अस्वलाला गरजेपेक्षा जास्त आहेत. बार होताना हाताला बसणारा दणका असा की माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो. मग गोळी कितीही मोठी असली तरी ती झाडात जाते.

१० एमएमच्या काडतुसाबद्दल खूप विचारणा होते. काडतूस चांगलं आहे, पण ते चालतं बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलात, आणि पेनसिल्व्हेनियात अस्वलावर सेमी-ऑटोमॅटिक हँडगन चालत नाही. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथला नियम वेगळा असू शकतो. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच बंद आहे.

सहाव्या काडतुसाची परीक्षा

खोकं नवं असेल तर ही परीक्षा घेतल्याशिवाय जंगलात जाऊ नका. सिलिंडरमध्ये सहा काडतुसं भरा. त्यातल्या एकावर पेनाने खूण करा आणि आधी त्याची लांबी मोजून ठेवा. ते शेवटी येईल असं बघून पाच झाडा, खुणेचं बाहेर काढा आणि पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर प्रत्येक दणक्याने गोळी कवचातून पुढे सरकते आहे. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड गोळी घातली की हे जास्त होतं.

मी स्वतः एकदा हे न करता रेंजवर उभा होतो. चौथ्या बारानंतर सिलिंडर फिरेना. पाहिलं तर पुढच्या काडतुसाची गोळी केसभर बाहेर येऊन चौकटीला अडकली होती. रेंजवर होतो म्हणून नुसता वेळ गेला. समोर जखमी अस्वल असतं तर हातातलं हत्यार लोखंडाचा गोळा झालं असतं.

सरावाची सुरुवात .४४ स्पेशलने करा. ते .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चालतं, दणका निम्म्यावर येतो, पैसेही वाचतात. मग हंगामाआधी किमान दोनदा खऱ्या शिकारीच्या गोळीने. आठ इंची कागदी ताट लावा. ज्या अंतरावरून सहाच्या सहा गोळ्या ताटात जातात ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते तीस-चाळीस यार्ड निघतं आणि त्यात कमीपणा काही नाही. कानांना संरक्षण जंगलातही हवं. मॅग्नमचा उघड्या कानांनी ऐकलेला एक बारसुद्धा ऐकू येणं कायमचं कमी करू शकतो. हळू आवाज ऐकू देणारे आणि मोठा रोखणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ्स मिळतात, ते घ्या.

नेम

इथे पुष्कळ शिकार हाक्याने होते. माणसं रांगेने झुडपं झोडपत येतात आणि अस्वल पळत सुटतं. पळत्या अस्वलावर हँडगन चालवू नका, रांगेतली माणसं पलीकडे असतात. अस्वल थांबलं, आडवं उभं राहिलं किंवा थोडं पाठमोरं तिरकं झालं, तरच.

लोंबत्या केसांमुळे पोट असतं त्यापेक्षा खाली दिसतं आणि नेम खाली जातो. केस सोडून खरं अंग कुठे संपतं ते डोळ्याने ठरवा. अलीकडचा पुढचा पाय पुढे पडू द्या. त्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि अंगाच्या मधोमध धरा. डोकं नको, समोरून छाती नको. पहिला बार लागल्यावरही अस्वल उभं असेल आणि पलीकडे सुरक्षित असेल तर दुसरा घाला, कौतुक बघत थांबू नका.

मागे पिलं असतील तर आमची विनंती आहे, सोडून द्या. त्या वर्षीची पिलं नोव्हेंबरातही आईबरोबरच असतात.

कागदपत्रं

शिकारीच्या परवान्याबरोबर अस्वलाचा वेगळा परवानाही लागतो, आणि पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो. हँडगन घेऊन शिकार करायची तर ती बाळगण्याचा परवाना किंवा काउंटी ट्रेझररकडून मिळणारं स्पोर्ट्समन्स परमिट हवं. अंगावर २५० चौरस इंच चकाकता नारिंगी रंग. अस्वल मारल्यापासून २४ तासांत तपासणी केंद्रावर न्यावं लागतं. तारखा दर वर्षी गेम कमिशनच्या (राज्याच्या शिकार खात्याच्या) पुस्तिकेत पाहा.

एच-१बी किंवा एच-४ व्हिसावर असलेल्यांनी हे दोनदा वाचावं. संघीय कायद्याने तुम्हाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध, चालू मुदतीचा शिकार परवाना हा त्याला मुख्य अपवाद. परवान्याची मुदत संपली की घरातलं एक काडतूसही गुन्हा ठरू शकतं, आणि त्याचा परिणाम थेट व्हिसावर होतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, मग आमच्याकडे या.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना आम्ही हँडगन थेट हातात देऊ शकत नाही, ती तुमच्या राज्यातल्या डीलरमार्फतच जाते. तिकडे हँडगनने शिकारही चालत नाही. डेलावेअर नदी ओलांडताना हत्यार रिकामं आणि बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत हवं. पोकळ टोकाच्या गोळ्यांवर तिथे स्वतंत्र बंधनं आहेत, हेही एक कारण हार्ड कास्ट घेण्याचं.

आणखी एक, अगदी कळकळीने. शिकारीला नेलेली पिशवी किंवा जाकीट भारतात जाताना नेऊ नका. अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळाच्या एक्स-रेत दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. आईवडिलांना भेटायला निघालेला माणूस पोलीस चौकीत बसतो. अस्वलाची नखं, कातडं यांचंही तसंच. हे अस्वल साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

मांस

अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचा जंत असू शकतो. त्याच्या काही जाती फ्रीझरमध्ये मरत नाहीत. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजायला हवं, तेव्हा निखाऱ्यावरचे गुलाबी तुकडे नकोत. कुकरमध्ये मटणासारखं शिजवून केलेला रस्सा सगळ्यात बरा. चरबी आधी काढून टाका, उग्र वास तिचाच असतो.

दुकानात येताना रिव्हॉल्व्हर रिकामं करून, पेटीत घालून आणा आणि दारातच सांगा. जुनं खोकं असेल तर तेही आणा, त्यातलं काय चालेल ते बघून देतो. शनिवारी सकाळी मागच्या रेंजवर ताटं लावलेली असतात.