लाल गुडघ्यांच्या टॅरंटुलाचे खरे नाव

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलांत बीळ करून राहणारा आणि काळसर पायांच्या सांध्यांवर केशरी-लाल पट्टे असलेला टॅरंटुला (एक मोठा, केसाळ कोळी), कोळी पाळणाऱ्यांमध्ये अनेक दशके ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ या नावाने ओळखला जात होता. २०१७ साली होर्हे मेंडोझा आणि ऑस्कर फ्रांके या संशोधकांनी शरीररचना आणि डीएनए या दोन्हींच्या आधारे या गटाची फेरतपासणी केली, तेव्हा त्या नावाने घराघरांत वाढवले गेलेले बरेचसे कोळी प्रत्यक्षात ‘ब्रॅकिपेल्मा हामोरी’ या वेगळ्या प्रजातीचे असल्याचे स्पष्ट झाले.

हा गोंधळ निष्काळजीपणातून झाला, असे मला वाटत नाही. स्मिथीचे पहिले वर्णन १८९७ साली मेक्सिकोच्या ग्वेरेरो प्रांतातील एका अपरिपक्व नमुन्यावरून झाले होते आणि अडचणीचे मूळ तिथेच आहे. टॅरंटुलाच्या प्रजाती ओळखण्याची सर्वांत भरवशाची लक्षणे मादीच्या शुक्राशयात (शुक्राणू साठवणाऱ्या अवयवात) आणि नराच्या स्पर्शपादांच्या, म्हणजे तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांच्या, टोकाशी असलेल्या बल्बमध्ये (शुक्राणू मादीपर्यंत पोचवणाऱ्या फुगीर भागात) असतात, आणि ती पूर्ण वाढीनंतरच नीट दिसतात. रंग मात्र वयाप्रमाणे आणि कात टाकण्याच्या वेळेनुसार बदलत राहतो. कात टाकायला आलेला कोळी फिकट, मळकट दिसतो आणि नवी कात आली की तोच झळाळून उठतो. हामोरीच्या जबड्यांवर तपकिरी-गुलाबी केसांचे दोन पट्टे असतात खरे, परंतु केवळ छायाचित्रातल्या अशा खुणेवरून नाव ठरवणे धोक्याचे आहे. निसर्गात या दोन प्रजातींचे प्रदेश मात्र वेगळे आहेत: बाल्सास नदीच्या मुखाच्या वायव्येला हामोरी, तर आग्नेयेला स्मिथी आढळतो. म्हणूनच कोळी मुळात कुठला, ही माहिती त्याच्या रंगापेक्षा मोलाची ठरते, आणि विक्रीच्या साखळीत नेमकी तीच सर्वांत आधी हरवते.

हे कोळी अतिशय सावकाश वाढतात. मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते आणि नर प्रौढ झाल्यावर फार काळ टिकत नाही. त्यामुळे पिल्लू आणणाऱ्याला खात्रीच्या ओळखीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. तोवर डबीवर प्रजातीऐवजी ‘ब्रॅकिपेल्मा, प्रजाती अनिश्चित’ असेच लिहावे आणि अशा जनावरांची जोडी लावू नये, कारण संकरित पिल्ले पुढे कोणत्याच नावाखाली बसत नाहीत.

भारतीय पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ब्रॅकिपेल्मा आणि आपल्याकडचा झाडावर राहणारा पोसिलोथेरिया, हे दोन्ही वंश सायटिस या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा नावातील चूक ही कायद्याचीही अडचण होऊ शकते.

ओळख पटवण्यासाठी जिवंत कोळ्याला हाताळण्याची गरज नसते. किंबहुना हाताळूच नये, कारण थोड्या उंचीवरून पडल्यानेही त्याचे पोट फुटू शकते. शिवाय घाबरला की तो पाठीवरचे खाज आणणारे केस उधळतो, आणि ते डोळ्यांत गेले तर इजा करतात. कात टाकताना तो उताणा पडतो. तो मेला असे समजून त्याला हलवू नये आणि पेटीत जिवंत भक्ष्यही ठेवू नये. टाकलेली कात कोमट पाण्यात भिजवून मऊ केली आणि पोटाचा भाग हलक्या हाताने उलगडला की पुढच्या फुफ्फुसपुस्तिकांच्या (पोटाखालच्या श्वसनाच्या अवयवांच्या) जोडीमध्ये, भिंगाखाली, मादीचे शुक्राशय दिसते. ही कात वाळवून कागदी पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर तारीख, कोळी कोणाकडून आला आणि माहीत असल्यास त्याच्या पूर्वजांचा मूळ प्रदेश लिहून ठेवावा.