पार्श्वभूमी : उरेब कापड आणि व्हिओनेबाई

फ्रेंच वेशभूषाकार मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) हे नाव निघालं की ‘बायस कटच्या जनक’ हे बिरूद मागोमाग येतंच. ते चुकीचं आहे, आणि त्यापायी बाईंचं खरं काम झाकलं जातं.

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. उरेब म्हणा, बायस म्हणा, अर्थ एकच : उभ्या आणि आडव्या धाग्याशी ४५ अंशांचा कोन. पण शिवणकामात कुठल्याही तिरप्या कापाला सरसकट ‘क्रॉस’ म्हणतात. ३० अंशांत कापलेला तुकडाही ताणतो, मात्र एकाच बाजूला ओढ घेतो; मग बाजूची शिवण फिरत फिरत पुढे येते. अस्सल उरेब आपल्याकडे चुडीदारात बाईंच्या कितीतरी आधीपासून आहे. कापडाची तिरपी थैली शिवायची आणि त्यातून पाय कापायचे, म्हणजे पोटरीवर कापड ताणून बसतं. कटोरी ब्लाउजची कटोरी उरेब ठेवतात तीही याचसाठी. युरोपातही पायपिंग, कॉलर, झालर उरेब कापायची पद्धत होतीच.

बाईंनी अख्खा झगाच उरेब केला. १९१२ साली पॅरिसमध्ये त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. पहिल्या महायुद्धात ते बंद पडलं आणि युद्धानंतर पुन्हा उभं राहिलं. कागदावर चित्र काढण्याऐवजी त्या निम्म्या मापाच्या लाकडी बाहुलीवर थेट कापड गुंडाळून बेत ठरवत. कंबर आवळणारं कॉर्सेट, आकार देणारे टक्स यांची गरजच उरली नाही; आकार कापडाच्या वजनातून यायचा. म्हणूनच हे झगे हँगरवर पोतेरं दिसतात, अंगावर चढले की उलगडतात.

अडचण पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची. १४० सेंमी लांब आणि ४० सेंमी रुंद पट्टा ४५ अंशांत ठेवला की सुमारे १२७ सेंमी पन्हा लागतो. त्यामुळे बाई खास रुंद पन्ह्याचं क्रेप विणून घेत. ज्याला ते मिळत नाही त्याला जोड द्यावा लागतो, तोही धाग्याच्या रेषेतच.

शिवताना कापड दुहेरी घालू नये, एकेरीच कापावं. खालचा थर सरकतो आणि डावा-उजवा भाग जुळत नाही. शिवणीला किमान अडीच सेंमी माया (जादा कापड) सोडावी, कारण कापड लांबीला वाढलं की रुंदीला आटतं. साध्या घट्ट टाक्याने शिवण चुणते किंवा धागा तुटतो. अगदी बारीक झिगझॅग घालावा. वरची शिवण झाली की कपडा निदान एक दिवस टांगून ठेवावा. ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) सारख्या ताकदीचे नसतात, म्हणून घेर कुठे उतरतो, कुठे तसाच राहतो. मग तो अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने मोजत खडूच्या खुणा करायच्या आणि तेव्हाच खालची दुमड घालायची.

१९३९ साली दुकान कायमचं बंद झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची चणचण होती, त्यात इतकं कापड वाया घालवणारा काप मागे पडला. १९९० च्या दशकात स्लिप ड्रेससोबत (बारीक पट्ट्यांचा, अंगावर सरळ पडणारा झगा) तो परतला, पण कारखान्यात. तिथे थरावर थर रचून एकदम कापतात, टांगून ठेवायला वेळ कुणालाच नसतो. बाजारातला सॅटिनचा बायस स्कर्ट दोन-चार महिन्यांत एका बाजूने लोंबायला लागतो तो त्यामुळे. कापडाला दोष देऊन उपयोग नाही.