सेल्कीला जलपरी म्हणू नका

दोन मुली, एक किनाऱ्यावर राहणारी आणि दुसरी समुद्रातून आलेली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या क्वीअर (समलिंगी वा चौकटीबाहेरच्या प्रेमाच्या) फँटसीमध्ये ही जोडी आता बऱ्याचदा भेटते. मराठीत अशा पुस्तकाची ओळख करून देताना मात्र समुद्रातल्या मुलीला सरसकट ‘जलपरी’ म्हटलं जातं, मग ती सील या समुद्री प्राण्याचं कातडं पांघरून का आलेली असेना. कातडं पांघरून येते ती सेल्की, पाण्यात सील आणि कातडं उतरवलं की माणूस. प्रश्न नुसत्या नावाचा असता तर मी सोडून दिलं असतं. पण नाव चुकलं की वाचणारा भलत्याच गोष्टीची वाट बघत बसतो आणि शेवट आला की लेखिकेलाच दोष देतो.

जलपरी सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर शब्द खर्च करत नाही. शेपूट, लांब केस, गाणं हे वरवरचे फरक आहेत. सेल्की मूळची स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरची. तिथल्या बोलीत सेल्की म्हणजे सीलच. आयर्लंडच्या आणि उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांच्या किनाऱ्यांवरही तिच्या गोष्टी सांगतात. गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सायरनना या घोळात आणूच नका, त्या मुळात अर्ध्या पक्षी होत्या.

खरी मेख आहे ती शरीर बदलण्यात. डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या 1837 सालच्या कथेतल्या जलपरीला पाय हवे असतात. त्यासाठी चेटकीण तिची जीभ कापून घेते. पुढे प्रत्येक पाऊल सुरीच्या पात्यावर पडल्यासारखं दुखतं. परतीची एकच संधी शेवटी समोर येते, राजपुत्राच्या काळजात सुरी खुपसायची, आणि ती संधी ती नाकारते. म्हणजे एक शरीर मिळवायचं तर दुसरं गमवायचं, शिवाय आवाजही द्यायचा. ही कथा आली त्याच्या आदल्या वर्षी, 1836 मध्ये, अँडरसनचा मित्र एडवर्ड कोलिन याचं लग्न झालं होतं. त्याच्यावर अँडरसनचा जीव होता आणि ते प्रेम आपल्याला परत देता आलं नाही, असं कोलिनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. जे बोलता येत नाही त्या प्रेमाची गोष्ट म्हणून क्वीअर वाचक ही कथा जवळची मानतात ते उगाच नव्हे.

सेल्कीचं तसं काहीच नाही. ती कातडं उतरवते, वाळूवर नाचते, कातडं चढवते, पाण्यात जाते. कुणाला काही द्यावं लागत नाही, काही दुखत नाही. दोन्ही शरीरं तिची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. दुःख सुरू होतं ते कुणीतरी कातडं पळवतं तेव्हा.

फॅरोमधल्या काल्सोय बेटावर मिक्लादालूर नावाचं गाव आहे. तिथली गोष्ट अशी: एक तरुण शेतकरी नाचणाऱ्या सेल्कीचं कातडं चोरतो, पेटीत ठेवून कुलूप घालतो आणि किल्ली कमरेला लावतो. कातड्यावाचून तिला परत जाता येत नाही, म्हणून ती त्याच्याबरोबर जाते. संसार होतो, मुलं होतात. एक दिवस तो मासेमारीला जातो आणि किल्ली घरी विसरतो. संध्याकाळी येऊन बघतो तर मुलं एकटी बसलेली, चूल विझवलेली, सुऱ्या लपवून ठेवलेल्या. पोरांना भाजू-कापू नये एवढं बघून ती गेलेली असते. त्या चुलीपाशी मी दर वेळी थांबते. तिची माया खरी होती आणि जाणंही खरं होतं.

म्हणून जलपरीच्या प्रेमकथेत आपण विचारतो, ही त्याच्यासाठी काय काय सोडेल? सेल्कीच्या प्रेमकथेत विचारायचं, किल्ली कुणाच्या कमरेला आहे? एकीचा प्रश्न दुसरीला लावला की घोटाळा होतो. सेल्की शेवटी समुद्रात गेली की ‘प्रेम अपुरं पडलं’ असा शेरा येतो. आपल्याला तरी हे कळायला हवं. उर्वशी अट घालून पुरूरव्याकडे राहते आणि अट मोडताच निघून जाते. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात तो तिला शोधत सरोवराशी पोचतो तेव्हा ती पाणपक्ष्यांच्या थव्यात असते. तिला कुणी बेवफा म्हणत नाही.

दुसरं चुकीचं वाचन मला जास्त लागतं. कातडं म्हणजे मुखवटा, ते टाकलं की आतली ‘खरी’ मुलगी बाहेर येते, आणि हेच घरच्यांना आपल्याबद्दल सांगण्याचं रूपक, असं समजावलं जातं. हे उलटं आहे. कातडं हे लपवायचं साधन नाही, ते तिचंच अंग आहे. जिला घरात एक आणि बाहेर एक असं जगावं लागतं, तिला सेल्कीकडून दिलासा मिळतो तो याचा, की दोन्हींपैकी कुठलीही खोटी ठरवावी लागत नाही. कातडं टाकायला लावणारी माणसं आणि कुलूप लावणारी माणसं एकाच बाजूची.

आणि ज्या गोष्टीत किनाऱ्यावरची मुलगी ‘तू जाशील या भीतीने’ कातडं लपवते आणि ते गोड प्रेम म्हणून खपवलं जातं, ती गोष्ट मला अजिबात मान्य नाही. शेतकऱ्याने केली तर चोरी आणि मैत्रिणीने केलं तर हळवेपणा, असं कसं चालेल? दोघी मुली आहेत म्हणून पेटीचं कुलूप उघडत नाही. तिने लपवावं, जरूर लपवावं, पण मग पुढच्या पानांत ते तिला भोवलं पाहिजे.

अनुवाद करणाऱ्यांना एकच विनंती. ‘सेल्की’ हाच शब्द ठेवा, मराठीत तो सहज बसतो, सेल्कीचं, सेल्कीला. ‘सीलपरी’ही नको, परी म्हटलं की पुन्हा पंख आणि वरदान डोळ्यापुढे येतं. आणि कातड्याला कातडंच म्हणा, ‘झगा’ किंवा ‘पोशाख’ म्हणू नका. पोशाख हरवला तर दुसरा शिवता येतो.