जर्मनीत सोलर पॅनेल फुकट मिळतात का?

नागपुरात उन्हाळा तापू लागला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: जर्मनीत सरकार घरोघरी सोलर पॅनेल फुकट बसवून देते, म्हणून तिथे वीजबिल येत नाही.

प्रत्यक्षात जर्मनीने 2000 साली कायदा करून वेगळीच हमी दिली. पॅनेल घरमालकाने स्वखर्चाने बसवायचे आणि ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, दिलेल्या प्रत्येक युनिटला 20 वर्षे ठरलेला दर मिळवायचा. या दराचा भार अनेक वर्षे सर्व वीजग्राहकांच्या बिलातील अधिभारातून वसूल होत असे. 2022 मध्ये तो सरकारी तिजोरीकडे गेला. बिल शून्य होणे तर दूरच, तिथली घरगुती वीज युरोपातील महागड्या विजेत मोडते.

आपल्याकडे मदत सुरुवातीलाच मिळते. 2024 च्या केंद्रीय योजनेत घरगुती संचाला 3 किलोवॅटपर्यंत कमाल 78,000 रुपये अनुदान ठरले, आणि नेट मीटरिंगमुळे ग्रिडला दिलेली युनिटे वापरातून वजा होतात. भांडवल जमवणे कठीण असलेल्या देशात ही रचना मला अधिक समंजस वाटते. शिवाय नागपूरला जर्मनीच्या किमान दीडपट सौरप्रारण, म्हणजे सूर्याकडून मिळणारी ऊर्जा, लाभते, ते वेगळेच.

पडताळणी सोपी आहे. सोलर बसवलेल्या शेजाऱ्याचे बिल पाहावे: त्यात आयात आणि निर्यात युनिटे स्वतंत्र दिसतात, आणि वापर पूर्ण वजा झाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. जर्मनीतील विजेचे दर युरोपीय संघाच्या खुल्या आकडेवारीत कोणालाही पाहता येतात.