बाळ यायच्या आधीच दूध काढायचं? थेंबभर चिकाची गोष्ट

३६ आठवडे झालेत, बाळ अजून पोटात आहे, आणि नर्स हातात छोट्या सिरिंज देऊन सांगते की रोज थोडं चीक दूध काढून फ्रीझरमध्ये ठेवत जा. पहिल्यांदा ऐकलं की बहुतेक जणी म्हणतात, आत्ता? आत्ता कुठून येणार दूध?

तर ते असतं आधीपासून. साधारण १६व्या आठवड्याच्या आसपास स्तनांत चीक तयार व्हायला लागतो, फक्त वार (प्लॅसेंटा) जागेवर असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन हार्मोन ब्रेक लावून बसलेलं असतं. वार पडली की ते झपाट्याने खाली येतं आणि मग दोन-तीन दिवसांनी छाती भरून येते, ज्याला आपण दूध उतरलं म्हणतो. त्याआधीचा जो घट्ट, बहुतेकदा पिवळसर माल असतो तो चीक, मोजायला अगदी थोडा पण त्यात संसर्गाशी लढणाऱ्या आयजीए अँटीबॉडीज, लॅक्टोफेरिन नावाचं प्रोटीन आणि जिवंत पांढऱ्या पेशी ठासून भरलेल्या.

हे सगळ्यांनी करायची गरज नसते, जास्त करून डायबेटिस असलेल्या आयांना सुचवतात. कारण असं की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते पण तिचं इन्सुलिन जात नाही, मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायला लागतं, आणि नाळ कापली की साखरेचा पुरवठा बंद पण इन्सुलिन चालूच, म्हणून पहिल्या काही तासांत त्याची शुगर खाली जाऊ शकते. अशा वेळी आईचाच चीक फ्रीझरमध्ये तयार असेल तर लगेच फॉर्म्युला द्यावा लागेलच असं नाही.

भीती मात्र होती. बोंडशी चोळली की ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्यानेच गर्भाशय आवळतं, मग कळा लवकर आल्या तर? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या सहा हॉस्पिटलांत डायबेटिस असलेल्या पण बाकी धोका कमी असलेल्या ६३५ बायकांवर डेम नावाची ट्रायल झाली, २०१७ साली द लॅन्सेटमध्ये छापून आली. निम्म्या जणींनी ३६ आठवड्यांपासून रोज दोनदा हाताने दूध काढलं, आणि त्यांची बाळं बाकीच्या निम्म्या जणींच्या बाळांपेक्षा नवजात अतिदक्षता विभागात जास्त प्रमाणात गेली असं काही दिसलं नाही. पण जुळी असतील, वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा आधीच्या वेळी दिवस भरायच्या आतच डिलिव्हरी झाली असेल तर हा निकाल आपल्याला लागू नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि काढताना पोट कडक व्हायला लागलं तर थांबायचं.

आता आयांचं काय होतं ते. पहिले एक-दोन दिवस काहीच येत नाही किंवा नुसती ओल दिसते, आणि तिथेच डोकं फिरतं, एकीला चमचाभर येतं तर दुसरीला चार थेंब आणि तिला वाटतं माझं दूधच कमी पडणार. तसं नसतं हो! आत्ता ब्रेक लागलेला आहे, त्यामुळे आत्ताच्या थेंबांवरून नंतरचं दूध ठरत नाही. माझ्या मते आधीच टेन्शनमध्ये असलेल्या बाईला रोज मिलीलिटर लिहून ठेवायला लावणं हा उगाच त्रास आहे. काहींना स्वतःच्याच छातीला असं पिळताना अवघडल्यासारखं होतं, काहींना दुखतं, दुखलं म्हणजे बोटं चुकीच्या जागी पडतायत. बोंडशी पिळायची नसते, तिच्यापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे अंगठा आणि बोट ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग जवळ आणायचं, मग सोडायचं, बोटं घसरवायची नाहीत. पंप नको, एवढासा चीक त्याच्या नळीतच चिकटून राहतो.

सिरिंजवर नाव-तारीख टाकून फ्रीझरमध्ये, आणि हॉस्पिटलला जाताना आइसपॅकमध्ये. तिथे पोचल्यावर स्टाफला सांगायचं, नाहीतर सिरिंज बॅगेतच वितळतात आणि बाळाला दुसरंच काहीतरी पाजलं जातं, मग जीव जळतो.

बऱ्याचदा तो साठा लागतही नाही. पण दुसऱ्या रात्री बाळ झोपाळलेलं असतं, तोंडच उघडत नाही, तेव्हा हे आधी शिकलेली आई न घाबरता दोन थेंब काढते आणि त्याच्या ओठावर टेकवते, आणि ते जीभ बाहेर काढतं.