पियानोचा पाय वजनाने मोडत नाही

ग्रँड पियानो लहान असला तरी २५० किलोच्या आसपास भरतो, मैफलीचा मोठा ५०० च्या आसपास जातो. एवढा भार फक्त तीन पायांवर. तरी उभ्या दाबाने मोडलेला पाय क्वचितच सापडतो. कोरडे कठीण लाकूड धाग्यांच्या दिशेने दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४०० किलो सोसते. म्हणजे ५ बाय ५ सेंटीमीटरचा पायसुद्धा हिशेबाने १० टन पेलेल.

पायाचा घात करते ती आडवी ओढ. पाय ६० सेंटीमीटर उंच आहे, पायाखालचे चाक अडलेले आहे आणि कुणी ३० किलोच्या जोराने पियानो ढकलला असे धरा. पाय पियानोला जोडणारी, पायाच्या डोक्यावरची धातूची पट्टी १० सेंटीमीटर रुंद असेल, तर तरफेच्या नियमाने तिच्या एका कडेच्या स्क्रूंवर सहापट, म्हणजे १८० किलोची ओढ येते. वरचे वजन त्यातली थोडी झेलते, सगळी नाही. मग स्क्रू उपटतात किंवा ते ज्यात बसतात तो लाकडी ठोकळा चिरतो. म्हणून दुरुस्ती पायाची असली तरी तपासणी चाकापासून सुरू करावी.

पाय काढायला किमान दोन माणसे हवीत. उरलेल्या दोन पायांच्या चाकांना ठोकळे लावा. जॅक पायाजवळच्या जाड तुळईखाली, मध्ये लाकडी फळी ठेवून लावावा. ध्वनिफलकाखाली, म्हणजे तारांचा नाद वाढवणाऱ्या पातळ लाकडी फळीखाली, कधीच नाही. चाक जमिनीपासून १ सेंटीमीटर सुटले की थांबा. जास्त उचलले तर पियानो कलतो आणि तीच आडवी ओढ इतर दोन पायांवर जाते. जॅकच्या भरवशावर न राहता शेजारी भक्कम टेकू द्या. पाय एका वेळी एकच काढावा. तिन्ही काढायचे असतील तर आधी खुणा करा, कारण प्रत्येक पाय आपल्याच खाचेत नीट बसतो.

जुन्या पितळी चाकाचा लोखंडी आस गंजतो, चाक फिरायचे थांबते आणि घासून एका बाजूने सपाट होते. आसाचे भोक लांबट झाले असेल तर तेल घालून उपयोग नाही, चाक बदला. नवे चाक जुन्याच्याच एकूण उंचीचे घ्यावे, नाहीतर पेडल जमिनीपासून वर-खाली होतात. तेल लाकडात मुरू देऊ नका. तिथे पुढे गोंद धरत नाही.

सैल स्क्रूच्या भोकात काड्या कोंबणे हा इथे इलाज नव्हे. पायाच्या डोक्यातले स्क्रू मुळातच धाग्यांच्या दिशेने जातात, त्यामुळे त्यांची पकड कमी असते. भोक १२ मिलिमीटरचे करून धागे आडवे येतील अशी कापलेली कठीण लाकडाची खुंटी चिकटवा. दुसऱ्या दिवशी आधी बारीक छिद्र पाडून मगच स्क्रू पिळा. सांधा सुटला असेल तर जुना सरस कोमट पाण्याने पूर्ण काढा. त्याच्या थरावर नवा गोंद लाकडापर्यंत पोचत नाही, आणि हीच चूक सर्वाधिक होते. क्लॅम्प २४ तास ठेवा, तोवर भार नको.

पट्टी खाचेत खुळखुळत असेल तर तिच्या मागे पातळ लाकडी पापुद्रा घाला. पियानो वरचेवर हलवावा लागत असेल तर तो तीन हातांच्या लोखंडी गाडीवर चढवावा. तिथे पाय नुसते उभे राहतात, ओढ गाडीवर पडते.